गावच्या यात्रेत शाळेला मान: मुलांची लेझीम, आनंद बाजार आणि रेवड्यांच्या कुस्त्या नीट कशा पार पाडायच्या

पाडव्याच्या सकाळी देवळात पंचांगवाचन झालं की आमच्याकडे लगेच यात्रेची बैठक बसते. घरटी वर्गणी किती, तमाशाची सुपारी कुणाला, शेवटच्या कुस्तीचं इनाम केवढं, पाण्याचे टँकर किती लागतील, यात दोन तास जातात. शाळेचा विषय निघतो तो बैठक उठल्यावर, चपला शोधताना. "गुरुजी, पालखीपुढं पोरांची लेझीम ठेवा बरं का!"

माण तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं आणि यात्रेत मुलांना घेऊन उभा राहिलो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. यात्रेत प्रत्येक भावकीचा काही ना काही मान असतो. पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ कुणाचा, दिवटी कुणाकडे, हे ठरलेलं असतं आणि त्या मानासाठी माणसं मुंबईहून रात्रभर उभ्यानं प्रवास करून येतात. शाळेची मुलं मात्र शोभेला बोलावली जातात, रांगेत बसवली जातात आणि टाळ्या झाल्या की घरी पाठवली जातात. त्यांनाही रीतसर मान मिळाला पाहिजे. त्यांचं स्वतःचं काम, स्वतःची वेळ आणि स्वतःचा हिशोब असला पाहिजे. ते कसं जमवायचं ते पुढे सांगतो.

तारीख आणि परीक्षा

यात्रा तिथीवर चालते, शाळा इंग्रजी महिन्यावर, आणि पहिली अडचण इथेच येते. चैत्र पौर्णिमेची, म्हणजे हनुमान जयंतीची यात्रा 2024 ला 23 एप्रिलला होती, 2025 ला 12 एप्रिलला आणि 2026 ला 2 एप्रिलला. म्हणजे कधी परीक्षा संपत आलेली असते, तर कधी सुरूही झालेली नसते. तेव्हा पाडव्यालाच दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवा. यात्रा परीक्षेच्या आत येत असेल तर लेझीम आणि कुस्त्या एवढंच घ्या, आणि आनंद बाजार, म्हणजे मुलांनी मांडलेल्या दुकानांचा बाजार, वेगळा काढून 1 मे रोजी निकालाच्या दिवशी संध्याकाळी भरवा. त्या दिवशी ध्वजारोहणाला अर्धं गाव शाळेत आलेलंच असतं. उरलेल्यांना संध्याकाळी पुन्हा यायला सांगता येतं.

चैत्र-वैशाखात यात्रा का असतात हेही मुलांना सांगावं. ज्वारी-गहू घरात आलेला असतो, पेरणीला अवकाश असतो, मुंबईला माथाडीत आणि पुण्याला कंपनीत गेलेली माणसं याच दिवसांत सुट्टी काढतात. शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी वर चढतात त्या याच चैत्रात, आणि जोतिबाच्या सासनकाठ्या नाचतात त्याही याच पौर्णिमेला. ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडंही पाडव्याच्या आगेमागे परततात. त्यांची मुलं सहा-सहा महिने वर्गात नसतात. यात्रेच्या कामात त्यांना पहिल्या दिवसापासून घ्या. आल्या आल्या शाळेत हातात काहीतरी काम मिळालं की ती मुलं पुन्हा वर्गात बसतात, हे मी पाहिलं आहे.

मान मागून घ्यायचा

बैठकीला मुख्याध्यापकांबरोबर शाळा व्यवस्थापन समितीच्या दोघी-तिघींनी जावं. एकट्या शिक्षकाचं बोलणं "बघू" म्हणून बाजूला पडतं, पण ज्यांची मुलं आहेत त्या आया बोलल्या की ते टिपणवहीत येतं. बैठकीत या गोष्टी मागा आणि वहीत लिहून घ्या: पालखीपुढची सकाळची पाऊण तास वाट मुलांची, आखाड्यातला पहिला अर्धा तास मुलांचा, यात्रेच्या पटांगणात सावलीची एक बाजू आनंद बाजाराला, आणि कमिटीच्या टँकरपैकी एक टँकर शाळेसाठी.

पोलीस ठाण्याची परवानगी यात्रा कमिटी काढतेच. त्या अर्जात मुलांच्या कार्यक्रमाची वेळ घालायला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र द्या आणि आशाताईंना प्रत्यक्ष भेटून सांगा. पालकांची लेखी संमती घ्या, खाली दोन फोन नंबर घ्या. एक बहुतेकदा लागत नाही.

उन्हाचा हिशोब सगळ्यात आधी

एका वर्षी उद्घाटनाचे पाहुणे अडीच तास उशिरा आले. मुलं अकरा वाजल्यापासून पटांगणात रांगेनं बसलेली. मंडपाची सावली सरकत सरकत व्यासपीठावर गेली आणि मुलं उन्हात उरली. चौथीतली एक मुलगी पाणी मागायला उठली आणि जागेवरच खाली बसली. तिला उचलून शाळेच्या व्हरांड्यात नेलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं. ती बरी झाली. संध्याकाळी पालखीत चाललेल्या सहा मुलांच्या तळपायांना फोड आले, कारण पालखीपुढं चपला घालायच्या नाहीत म्हणून ती डांबरी रस्त्यावर अनवाणी चालली होती आणि दिवसभर तापलेलं डांबर पाच वाजताही निवलेलं नव्हतं. ते फोड मी स्वतः धुतले. त्या दिवसापासून वेळापत्रक करताना मी आधी ऊन बघतो, मग बाकीचं.

वेळा अशा ठेवा. सकाळी साडेसहा ते साडेआठ लेझीम आणि शर्यती. नऊ ते चार मुलांचा एकही कार्यक्रम नाही, सरावही नाही. साडेचार ते साडेसात आनंद बाजार. आमच्याकडे एप्रिलच्या मध्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे शेवटचा पाऊण तास दिव्यांचा असतो आणि खरी गर्दी तेव्हाच होते.

कार्यक्रमपत्रिकेवर एक ओळ छापून घ्या: "मुलांचा कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होईल." पाहुणे आले तर आनंद आहे, नाही आले तर शाळेतून शिकून गेलेल्या सगळ्यात वयस्कर आजींच्या हातून फीत सोडा. आमच्याकडे तीन वर्षं असंच झालं आणि एकाही पाहुण्यानं राग धरला नाही.

सावलीसाठी मंडपवाल्यावर अवलंबून राहू नका. गावात कुणाकडे तरी रोपवाटिकेचं शेडनेट असतंच, ते दोन दिवसांसाठी मागा. आठ-नऊ फुटांवर बांबूंना बांधलं की खाली हवा खेळती राहते. पण संध्याकाळचं ऊन डोक्यावरून येत नाही, पश्चिमेकडून आडवं येतं. म्हणून पश्चिमेच्या बाजूला जुन्या सुती साड्या उभ्या बांधा. नायलॉनच्या नकोत, दिव्याच्या वायरीजवळ त्यांचा भरवसा नसतो.

पाण्याचं प्रमाण माणशी दीड लीटर धरा, चाळीस मुलांना साठ लीटर, तेही फक्त पिण्याचं. माठ सावलीत, तिवईवर, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. माठाजवळ एकच काम असणारी एक मोठी व्यक्ती हवी. दर अर्ध्या तासानं घंटा वाजवून सगळ्यांना पाणी प्यायला लावायचं, तहान लागली की नाही हे विचारायचंही नाही. सोबत साखर-मिठाचं पाणी तयार ठेवा: एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त होऊ देऊ नका.

एखादं मूल बरळायला लागलं, अंग खूप तापलं, चक्कर आली किंवा उलटी झाली तर लगेच सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

लेझीम

चोवीस किंवा बत्तीस मुलं पुरेत. चारच्या रांगा होतात आणि अरुंद आळीत शिरताना दोन-दोनच्या करता येतात. मुलगे-मुली एकत्रच ठेवा, उंचीनं लावा, बुटकी पुढे. सरावाला पंधरा-वीस दिवस हवेत, रोज परिपाठानंतर अर्धा तास. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, त्यामुळे हे सहज बसतं.

आधी आठवडाभर फक्त चार आवाज. हात पुढे, खाली, छातीशी, वर, आणि चारही आवाज एकत्र पडले पाहिजेत. बत्तीस लेझमींचा मिळून एकच आवाज येतोय का हे ऐकायचं असेल तर शिक्षकानं पाठ करून उभं राहावं. डोळ्यांनी सगळं ठीक दिसतं, कानाला मात्र मागच्या रांगेची घसरण लगेच कळते. चार आवाज बसले की मग पवित्रा, दो रुख आणि बसून-उठून करायचे प्रकार. पाच प्रकार पक्के असले की पाऊण तासाची वाट निघते. दहा अर्धवट असले की पहिल्याच चौकात गोंधळ होतो.

शेवटचे पाच दिवस गावातल्या हलगीवाल्यांना सरावाला बोलवा. शिट्टीवर शिकलेली मुलं हलगीवर हमखास अडखळतात, कारण हलगीचा ठेका पुढे जाताना चढत जातो आणि पाय नकळत पळायला लागतात. कुठवर चढवायचं हे वादक आणि मुलांनी आधी एकमेकांत ठरवलं पाहिजे. हलगीवाल्यांना सरावाच्या दिवसांसकट मानधन द्या. त्यांची कला फुकटात वापरून वर फक्त नारळ-टॉवेल देणं मला पटत नाही, आणि मुलं हे सगळं बघत असतात.

लेझमीची दांडी लाकडी असली तरी साखळी आणि चकत्या लोखंडी असतात. उन्हात पडलेली लेझीम हाताला चटका देते, म्हणून थांब्यावर त्या खाली टाकायच्या नाहीत, काखेत धरायच्या. आदल्या दिवशी प्रत्येक लेझीम हातात घेऊन बघा: साखळीचं टोक उघडं नाही ना, खिळा वर आलेला नाही ना, चकती कातरलेली नाही ना. बोटं चिमटतात ती तिथेच.

मिरवणुकीत मुलं पालखीच्या तीसेक फूट पुढे ठेवा. गुलाल पालखीजवळ उधळतात आणि तो डोळ्यांत गेला की मूल रांग सोडून चोळत बसतं. तसं झालंच तर चोळायचं नाही, साध्या पाण्यानं डोळा धुवायचा. रस्त्यावर तासभर आधी टँकरनं पाणी मारून घ्या आणि मुलांच्या पायात बूट-चप्पल असू द्या. "पालखीपुढं चप्पल?" असं एका तात्यांनी मला विचारलं होतं. त्यांना मी गेल्या वर्षीचे फोड आलेले पाय आठवून दिले, तेव्हा ते स्वतः घरी जाऊन नातवाच्या चपला घेऊन आले. डीजे असेल तर त्याच्यासमोर मुलं उभी करू नका, मुलांची वेळ हलगीचीच राहू द्या. रात्रीच्या छबिन्याला, म्हणजे पालखीच्या रात्रीच्या मिरवणुकीला, शाळेचं पथक न्यायचं नाही. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे आणि मुलांना तर त्याच्याही आधी झोप हवी.

आनंद बाजार

यात मुलं सगळ्यात जास्त शिकतात, म्हणून तयारीही इथेच जास्त लागते.

दुकानं मुलांच्या संख्येच्या निम्मी ठेवा. चाळीस मुलं असतील तर वीस दुकानं, प्रत्येकात एक मोठं आणि एक लहान. जोड्या शिक्षकांनी लावाव्यात. मुलांवर सोडलं तर एका वस्तीची मुलं एकीकडे आणि दुसरीची दुसरीकडे बसतात. भांडवलाला मर्यादा घाला, जोडीला दीडशे रुपये, त्याच्यावर नाही. नाहीतर ज्याच्या वडिलांचं दुकान आहे तो हजाराचा माल मांडतो आणि शेजारचा मुलगा चार लिंबं घेऊन बसतो. ज्यांच्या घरी दीडशेही जड आहेत त्यांना गावातल्या महिला बचत गटाकडून उसने मिळवून द्या. विक्री झाली की पहिलं काम ते पैसे परत करणं, हेही शिक्षणच.

दहा दिवस आधी मुलांना आठवडी बाजारात न्या. विकत काही घ्यायचं नाही, फक्त बघायचं. भाजीवाली पाणी कधी मारते, कुठला माल पुढे ठेवते, सुटे पैसे मांडीखाली ठेवते की डब्यात, गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की काय म्हणते. परत आल्यावर प्रत्येकानं तीन वस्तूंचे तीन-तीन ठिकाणचे भाव सांगायचे. एका तासात नफा-तोट्याचा धडा डोक्यात बसतो, तसा तो फळ्यावर आठवड्यात बसत नाही.

आता माल. उन्हाळ्यात पेयं सगळ्यात आधी संपतात: पन्हं, ताक, लिंबू सरबत, कोकम. मग भेळ, तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, चिंचेच्या गोळ्या, घुगऱ्या. घरची भाजी असेल तर वजनाच्या भानगडीत न पडता वाटे लावा, दहा रुपयाला वाटा, कोथिंबीर-मेथीची पेंढी. आणि एक वस्तू लोक विसरतात ती म्हणजे वाळवण. याच महिन्यात घरोघरी कुरडया, पापड, सांडगे घातलेले असतात आणि यात्रेला आलेले मुंबईकर, पुणेकर ते शोधत फिरतात. पाव किलोच्या कागदी पुड्या बांधल्या की तासाभरात संपतात. आमच्या बाजारात सगळ्यात जास्त विक्री दरवर्षी कुरडयांचीच होते.

न ठेवण्याच्या गोष्टीही सांगतो. दुकानावर शेगडी नको आणि तळण तर नकोच. जे शिजवायचं ते मोठ्यांनी घरी शिजवून आणायचं. बाहेरचा बर्फ नको, तो पिण्याच्या पाण्याचा असतोच असं नाही, माठाचा गारवा पुरे. कापून उघडं ठेवलेलं कलिंगड नको. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, तेव्हा स्टीलचे पेले आणि पत्रावळीचे द्रोण. पेले धुवायला दोन बादल्या, एकीत राखेचं किंवा साबणाचं पाणी, दुसरीत स्वच्छ, आणि दुसरी दर पंधरा-वीस पेल्यांनी बदलायची.

पन्ह्याचं प्रमाण देतो, कारण बहुतेक जोड्या तेच निवडतात आणि ते पातळ होऊन फसतं. एक किलो कैऱ्या सालासकट उकडा, कोमट झाल्या की गर काढा, तो साधारण सहाशे ग्रॅम निघतो. त्याच्या दीडपट, म्हणजे नऊशे ग्रॅम गूळ किसून मिसळा. गर कोमट असतानाच घातला तर गूळ न ढवळता विरतो. चवीला मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वेलदोडा. हा झाला अर्क, तो काचेच्या बरणीत आदल्या रात्री करून ठेवा. पेल्यात चार मोठे चमचे अर्क आणि वर माठाचं पाणी. एवढ्यात वीस-बावीस पेले होतात. समजा कैऱ्या पन्नास रुपयांच्या, गूळ पन्नासचा, जिरं-वेलदोडा दहाचा, असा खर्च 110. दहा रुपये पेल्यानं वीस पेले गेले तर 200, म्हणजे 90 सुटले. हा हिशोब मुलांनी आदल्या दिवशी स्वतः मांडायचा आणि त्यावरून भाव ठरवायचा. घरच्या झाडाच्या कैऱ्या असल्या तरी त्यांची किंमत खर्चात धरायला लावा. "त्या फुकटच आहेत की" असं मुलं म्हणतात. झाडाला पाणी कुणी घातलं, ते त्यांना विचारा.

सुटे पैसे ही खरी डोकेदुखी. यात्रेआधी देवस्थानची दानपेटी उघडून मोजतात, तेव्हाच तिथून बाराशे-पंधराशेची नाणी बदलून घ्या. प्रत्येक दुकानाला साठ रुपये: दहाची तीन, पाचची चार, दोनची पाच नाणी. डब्याच्या झाकणावर 60 लिहून ठेवा, संध्याकाळी ते आधी वजा करायचे. मोबाइलनं पैसे देणाऱ्यांसाठी प्रत्येक दुकानात कुणाच्या तरी वडिलांचा क्यूआर कोड लावू नका, नंतर कुणाचे पैसे कुणाकडे आले ते कळत नाही. एकच टेबल ठेवा, तिथे पैसे भरायचे आणि शाळेचा शिक्का मारलेली दहा रुपयांची कूपनं घ्यायची. मुलांनी बाजार संपल्यावर कूपनं देऊन रोख न्यायची.

मोठ्यांना ध्वनिक्षेपकावरून एक विनंती पुन्हा पुन्हा करा. घासाघीस खुशाल करा, पण शंभराची नोट देऊन "राहू दे रे बाळा" म्हणू नका. त्या नव्वद रुपयांनी मुलाचा सगळा हिशोब बुडतो आणि शेजारच्या दुकानातल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. ज्यांना द्यायचंच आहे त्यांच्यासाठी शाळेच्या वाचनालयाचा डबा वेगळा ठेवा.

खेळ

सकाळच्या शर्यती सगळ्यांना माहीत आहेत: लिंबू-चमचा, पोत्यातली, तीन पायांची, बेडूकउड्या. प्रत्येक शर्यत दहा मिनिटांत आटपावी. बाजाराच्या कडेला दोन-तीन खेळ ठेवा. भोपळ्याचं वजन ओळखण्याचा खेळ दोन रुपयांत चालतो आणि म्हाताऱ्या माणसांची तिथं मोठी गर्दी होते. जिंकणाऱ्याला भोपळाच द्यायचा. पैशाचं बक्षीस कुठल्याच खेळाला नको, यात्रेत त्या वाटेनं जाणारे खेळ आधीच असतात. शिवाय एका कोपऱ्यात भोवरा, विटीदांडू आणि गोट्या घेऊन दोन आजोबांना बसवा. भोवऱ्याला जाळी, म्हणजे दोरी, कशी गुंडाळायची हे ते हातात हात धरून शिकवतात.

रेवड्यांच्या कुस्त्या

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास फड सुरू होतो, तो लहान मुलांपासून. या कुस्त्यांचं इनाम म्हणजे ओंजळभर रेवड्या, म्हणून त्यांना रेवड्यांच्या कुस्त्या म्हणतात. आज मोठ्या इनामांच्या घाईत अनेक ठिकाणी त्या दहा मिनिटांत उरकतात किंवा होतच नाहीत. त्या वाचवल्या पाहिजेत. मोठे मल्ल झालेल्या कितीतरी जणांनी पहिली माती अशाच कुस्तीत अंगाला लावलेली असते.

आखाड्याच्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवतात. मुलांच्या आधी ती पुन्हा खोदून भुसभुशीत करायला सांगा आणि खडे स्वतः हातानं वेचा. जोड वयावर लावू नका, वजनावर लावा. शाळेतला वजनकाटा सकाळीच न्या आणि यादी करा. दोघांत दोन किलोच्या वर फरक नको. नखं कापलेली, हातातली कडी, गळ्यातले दोरे, कानातलं काढलेलं. मुलींची जोड मुलींशी, आणि त्यांच्या कुस्त्या शेवटी ढकलू नका, मधेच घ्या. वेळ दोन मिनिटं. पंच म्हणून गावातले वस्ताद असू द्यात. मानेवर पडेल असा डाव दिसला की त्यांनी हात घालून सोडवायचं, हे आधीच बोलून घ्या. बाहेरून "उचल! आपट!" ओरडणाऱ्या बापांना आखाड्याच्या दोरीपासून लांब बसवा.

रेवड्या हरलेल्यालाही तेवढ्याच द्यायच्या, आणि त्या दोघांनी एकमेकांच्या हातात द्यायच्या. मातीनं माखलेले दोन हात, त्यात चिकटलेले तीळ, आणि हरलेलं पोर डोळे पुसता पुसता पहिली रेवडी तोंडात टाकतं. ही जागा माझ्या फार आवडीची आहे.

हरवणं, पाळणे, विहिरी

लहान मुलांच्या खिशात नाव आणि फोनची चिठ्ठी ठेवा, गळ्यात अडकवू नका, कुणीही वाचून नावानं हाक मारू शकतं. मूल सापडलं तर ध्वनिक्षेपकावर फक्त जागा सांगा. नाव-गाव न्यायला आलेल्या माणसाकडून वदवून घ्या, आणि मूल त्याला ओळखतंय का ते बघा. ही जागा एकच असावी, शाळेचा व्हरांडा, आणि ती मुलांना आदल्या दिवशी प्रत्यक्ष नेऊन दाखवा.

पाळणे उभे राहत असताना आणि उतरवताना मुलांना तिकडे जाऊ देऊ नका, त्यांच्या वायरी जमिनीवरून जात असतील तर कमिटीकडून वर बांधून घ्या. बैलगाडा शर्यत असेल तर तो माळ वेगळा आणि शाळेच्या कार्यक्रमाची वेळ वेगळी. सगळ्यात मोठी भीती पाण्याची. पाहुणी आलेली मुलं दुपारी विहिरीवर, कॅनॉलला पोहायला जातात आणि त्यांना पाण्याचा अंदाज नसतो. दुपारी बारा ते चार या वेळेत विहिरीवर पोहणारी दोन जाणती माणसं बसवा. कमिटीकडून हे एक काम करून घेतलंत तर बाकी काही राहिलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

आठ वाजता सगळी मुलं शाळेत. आधी पाऊण तास पटांगण झाडायचं. मग ओळीनं बसून हिशोब: सुट्याचे साठ वजा, उसने परत, खर्च वजा, उरलं ते नफा. तो मुलांचा, शाळेनं त्यातून काही कापून घ्यायचं नाही. तोटा झालेल्या जोडीचा हिशोब फळ्यावर सगळ्यांनी मिळून बघायचा, कुणाला न हसता. बहुतेक वेळा माल उशिरा मांडलेला असतो किंवा जागा कोपऱ्यातली असते.

एका वर्षी पाचवीतल्या मुलीनं ताकाच्या माठावर खडूनं रेघा ओढल्या होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. रेघा 37 भरल्या, डब्यात निघाले 350. तिनं तीनदा मोजले. मग वही पुढे ओढून खर्चाच्या बाजूला लिहिलं, "आजी 1, हलगीवाले काका 1, एकूण 20."

हिशोब झाला की लेझमी मोजून घ्या. गुलाल आणि घाम लागलेल्या चकत्या ओल्या फडक्यानं पुसा, उन्हात तासभर वाळवा, साखळीला खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि गोणपाटात बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. खाली ठेवल्या तर जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत उंदीर दांड्या कुरतडतात.